आजी नावाच्या रायफलीचा पीळ

आमच्या रायफल क्लबात ज्वारीला मान होता, गव्हाला नव्हता. ज्वारी म्हणजे कागदी निशाणावर पडलेलं गोल, स्वच्छ भोक. गहू म्हणजे लांबट, फाटकं भोक, गोळी नाकाने न घुसता कुशीवर वळून घुसल्यासारखं. ज्याचा हात स्थिर त्याच्या कागदावर ज्वारी पडते आणि ज्याचा हात कापतो त्याच्या कागदावर गहू, असं क्लबात लहानथोर सगळे मानत. माझ्या कागदावर गहूच गहू असायचे. रविवारी सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच कुणीतरी विचारायचं, "काय ताई, आज किती पायली पेरणार?" मीही काही कमी नव्हते. "तुमच्या पोळ्यांपुरते," म्हणायचे. पण आतून चिडायचे, आणि चिडलेल्या माणसाचा नेम काय लागणार, कपाळ!

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बावीस-तेवीस वर्षांची, सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. बोल्ट, नट आणि त्यांचे आटे मापायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर लाल खडूने फुली. लाल फुलीमुळे कारखान्यात मला फारसं कुणी चहाला बोलवत नसे. क्लबही त्याच दिशेने शहराबाहेर होता, एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत. खाणीची उभी भिंत गोळ्या अडवायला आयतीच मिळाली होती. पन्नास मीटरवर लाकडी चौकटी, अलीकडे ताडपत्री टाकलेल्या सहा जागा, आणि एक पत्र्याची शेड. सहा जागांवर आडवं पडून नेम धरायचा. मी सलवार-कमीज घालून ताडपत्रीवर आडवी पडते ही बातमी आमच्या कॉलनीत माझ्या आधी घरी पोचली होती.

क्लबात चार रायफली होत्या. त्यातल्या तीन नव्या आणि चौथी आजी. आजी म्हणजे क्लब सुरू करणाऱ्या एका जुन्या गृहस्थांनी दिलेली परदेशी रायफल, काळपट लाकडी दस्ता, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला. नियम असा की प्रत्येक नव्या माणसाने पहिलं वर्ष आजीवरच शिकायचं. आजीवर शंभरात ऐंशी गुण मिळवले की तो पास, मग त्याला नव्या रायफली. पास झालेल्याने पुन्हा आजीवर गोळी झाडायची नाही. तिला फक्त नव्यांनी त्रास द्यायचा, जुन्यांनी दसऱ्याला झेंडू वाहायचा. आणि ज्याला वर्षभरात ऐंशी जमले नाहीत, त्याने दसऱ्याला आपली जागा दुसऱ्यासाठी सोडायची. जागा सहाच होत्या आणि यायला उत्सुक माणसं पुष्कळ.

दुसरा नियम मला तोंडपाठ होता, कारण तो दर रविवारी माझ्यावरच चालायचा. ज्याचे गुण सर्वांत कमी, त्याने मैद्याच्या खळीचा डबा घेऊन चौकटींपर्यंत चालत जायचं, गुण मोठ्याने वाचायचे, आणि मग सगळ्यांच्या भोकांवर जुन्या वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे चिकटवायचे. निशाणाचे कागद महाग, म्हणून एकेक कागद सात-आठ रविवार पुरवायचा. मी इतकी खळ लावली त्या वर्षी, की एखाद्या कारखान्याचे लिफाफे झाले असते.

क्लबाचे सर्वेसर्वा होते सुभेदार. सैन्यातून निवृत्त झालेले, सिन्नरकडच्या शेतकरी घरातले, साठीतही काठीसारखे ताठ. ते ओरडायचे कधीच नाहीत. माझ्याशेजारी उकिडवे बसायचे, कागदाकडे बघायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "पोरी, हात हलतोय तुझा. लय हलतोय." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांच्या त्या हळू बोलण्यात दया होती, आणि दया मला लहानपणापासून सोसत नाही.

हात हलू नये म्हणून मी काय काय केलं ते आज सांगताना हसू येतं. पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या हात लांब करून धरून उभी राहायचे. आई म्हणायची, "तो तांब्या खाली ठेव आणि त्यातलं पाणी कुंडीला घाल, काहीतरी उपयोग होईल." चहा सोडला. भिजवलेले बदाम खाल्ले. श्वास अर्धा सोडून थांबायची सवय इतकी केली की बसच्या रांगेतही मी मध्येच थांबायचे आणि मागचा माणूस विचारायचा, बरं वाटत नाही का? रविवारी पुन्हा गहूच. एकदा चौतीस गुण, एकदा एकतीस. दोन गोळ्या तर कागदाला लागल्याच नाहीत. त्या खाणीत गेल्या.

घरी अण्णा होते. शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे त्यांना भावनेपेक्षा उत्तर लवकर हवं असायचं. मला जिथे जावंसं वाटे तिथे त्यांनी जाऊ दिलं होतं. आमच्या कॉलनीत मुलीला रायफल धरू देणारा दुसरा बाप नव्हता. पण माझं लग्नाचं वय झालं होतं आणि पाहुणे बघायला यायचे ते रविवारीच. मी रविवारी घरी नसायचे. दोन स्थळं तशीच चहा पिऊन परत गेली. शेवटी एका संध्याकाळी अण्णांनी वह्या तपासता तपासता विचारलं, "किती गुण पडतात तुला?" मी खरं सांगितलं. त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. "छंदाला माझा विरोध नाही. पण जिथे गती नाही तिथे सगळे रविवार घालवायचे? दसऱ्यापर्यंत बघ. ऐंशी पडले तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही पडले तर रविवार आमचे."

म्हणजे क्लबाची मुदत दसरा आणि घरची मुदतही दसराच. तेव्हा हातात आठ रविवार होते. मला ती खाण सोडायची नव्हती. वर्षभर हरत होते, तरीही आठवड्यातले तेवढे चार तास माझे स्वतःचे होते, आणि ते गेले असते तर मी रडले असते हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नाही.

त्यातले सहा रविवार गव्हात गेले. मग कारखान्यात एक प्रकार घडला. एका लेथवरून आलेल्या बोल्टांच्या अख्ख्या पेटीत नट चढेना. कारागीर नवा होता. फोरमनने त्याला सगळ्यांसमोर झापलं, हात बसलेला नाही, लक्ष नाही, घरी जाऊन शेती कर. तो बिचारा सटाण्याकडचा, खाली मान घालून ऐकत होता. आमच्या खात्याचे प्रमुख म्हणजे एक बुटके, तोंडात कायम लवंग ठेवणारे गृहस्थ. ते शांतपणे आले, एक बोल्ट उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "माणसाला शिव्या नंतर द्या. आधी माप घ्या." मी माप घेतलं. आटे सुबक होते, एकसारखे होते, पण अंतरच वेगळं होतं. आदल्या पाळीत कुणीतरी लेथचं एक दातेरी चाक बदलून ठेवलं होतं आणि मूळचं पुन्हा लावलं नव्हतं. पोराचा हात सोन्यासारखा होता. मशीनला दुसराच पीळ दिलेला होता.

त्या दिवशी सायकलवरून घरी येताना माझं लक्ष रस्त्यावर नव्हतं. रायफलीच्या नळीत आतून आटेच तर असतात! बोल्टाचे असतात तसेच, फक्त फार लांब पल्ल्याचे. गोळी त्यांतून जाताना पीळ घेते आणि बाहेर पडल्यावर गरगर फिरत जाते, म्हणून तिचं नाक पुढे राहतं. भोवऱ्याला नीट गती दिली तर तो उभा राहतो, कमी दिली तर डुलतो आणि आडवा होतो. माझ्या गोळ्या आडव्या होत होत्या. हात हलला तर गोळी डावीकडे जाईल, उजवीकडे जाईल, खाणीत जाईल, पण ती हवेत कुशीवर कशी वळेल? वर्षभर मी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. दिवसभर आटे मापणाऱ्या बाईने! मला स्वतःचाच राग आला आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी घराचं वळण सोडून सरळ पुढे गेले.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी खाणीत पोचले. सुभेदार पेटी उघडत होते. मी म्हटलं, "साहेब, आजी साफ करू का?" साफसफाईला नाही म्हणणारा सैनिक अजून जन्माला यायचा आहे. त्यांनी ती रिकामी असल्याची खात्री करून माझ्या हातात दिली. नळी साफ करायच्या सळईला मी घट्ट चिंधी बसवली आणि मुठीजवळ पेन्सिलीने वरच्या अंगाला खूण केली. सळई हळूहळू ढकलली की चिंधी आट्यांत धरते आणि सळई आपोआप फिरत जाते. खूण वरून खाली येईपर्यंत, म्हणजे अर्धा फेरा व्हायला सळई किती आत गेली ते मी टेपने मोजलं. अकरा इंच. पूर्ण फेऱ्याला बावीस. मग नव्या रायफलींपैकी एक घेतली. तिचा अर्धा फेरा आठ इंचांत पुरा झाला, म्हणजे पूर्ण फेरा सोळात. तीनदा मोजलं. कारखान्याची सवय.

"हे काय चाललंय?" सुभेदार मागे उभे होते.

मी विचारलं, "साहेब, तुम्ही आजीवर शिकलात तेव्हा कोणती गोळी होती?"

"शॉर्ट, आखूड गोळी. तेव्हा शॉर्टच यायची." ते विचार न करता म्हणाले. "ती यायची बंद झाली, तवा परवानेवाल्या कारागिराकडून काडतुसाचं घर खोल करून घेतलं. आता लांब गोळी बसती तिच्यात."

"घर खोल केलं, पण नळी तीच ना?"

"नळी कशाला बदलायची? काय झालंय नळीला?"

मी नव्या काडतुसांचा डबा दाखवला. त्यावर गोळीचं वजन छापलेलं होतं, चाळीस ग्रेन. शॉर्टचं एकोणतीस, हे त्यांनीच मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. दोन्ही गोळ्यांची जाडी एकच, म्हणजे वजन वाढलं ते लांबीत वाढलं. आणि लांब गोळी सरळ जायला जास्त पीळ लागतो. आजीचा पीळ सैल, हलक्या गोळीपुरता. नव्या रायफलींचा घट्ट. मी एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी जरा जोरातच म्हणाले, "साहेब, हात माझा हलत नाही. गोळी हलते."

त्यांचा चेहरा बदलला. "आजीचं माप घेतेस?" आवाज अजूनही हळूच, पण दया त्यातून गेली होती. "या रायफलीवर आम्ही सगळे शिकलो. मी शंभरात सत्त्याण्णव पाडले हायत हिच्यावर. तिच्यात खोट नाय. हल्लीच्या पोरांत दम नाय, म्हणून तीन वर्षांत कुणी पास नाय."

तीन वर्षं! मी विचारलं, "शॉर्ट येणं बंद होऊन किती वर्षं झाली?"

ते बोटांवर मोजू लागले आणि तिसऱ्या बोटावर थांबले. एव्हाना बाकीची मंडळी जमली होती. कुणी हसलं नाही आणि गव्हाचं नावही काढलं नाही. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही अशातला माणूस, आता काय करतो म्हणून सगळे बघत राहिले.

सुभेदारांनी टोपी काढून शेडच्या खिळ्याला अडकवली, आजी घेतली आणि ताडपत्रीवर आडवे झाले. पास झालेल्याने आजीवर गोळी झाडायची नाही हा नियम त्यांनीच केलेला, त्यांनीच मोडला. दहा गोळ्या, सावकाश. मी त्यांच्या खांद्याकडे बघत होते. दगड हलेल, ते खांदे हलणार नाहीत.

मग ते उठले, खळीचा डबा स्वतः उचलला आणि चौकटीपर्यंत चालत गेले. आम्ही मागोमाग. कागदावर नऊ भोकं होती. एक गोळी खाणीत गेली होती. नऊपैकी सात गहू. कागदभर पसरलेले, काही उभे, काही आडवे, अगदी माझे असायचे तसे.

त्यांनी वाकून एकेका भोकावरून बोट फिरवलं. गुण मोठ्याने वाचायचा नियम होता. त्यांनी वाचले. "अडतीस," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असे. आणि मग वर्तमानपत्राचे तुकडे काढून नऊच्या नऊ भोकं स्वतः चिकटवली. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं त्याला प्रेमच म्हणायला हवं.

दसऱ्याच्या आधी आता एकच रविवार उरला होता. त्या दिवशी सुभेदार एक चपटी पितळी डबी घेऊन आले. आत शॉर्ट काडतुसं होती, बारा. दर दसऱ्याला आजीपुढे झेंडूसोबत ठेवायला म्हणून जपलेली. "दोन पुजेला ठेवतो," ते म्हणाले. "दहा तुझी."

एका जुन्या सभासदाने चुळबुळ केली. ही गोळी आता मिळत नाही, मग हिच्यावरचे गुण कसे धरायचे? सुभेदार म्हणाले, "नियम आजीचा हाय. गोळीचा कुठं लिवलाय?"

मी आडवी झाले. खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा माझा हात खरोखरच हलत होता. ही दहा संपली की अकरावी या जगात माझ्यासाठी नव्हती. मी अर्धा श्वास सोडला, थांबले, जशी बसच्या रांगेत थांबायचे तशी. पहिली झाडली. मग दुसरी. मग मोजणं सोडून दिलं.

मग आम्ही सगळे चौकटीकडे निघालो. कागदाजवळ पोचल्यावर सगळ्यात आधी माझी टिंगल करणारा सभासदच ओरडला, "ज्वारी! सगळी ज्वारी!" दहा गोल भोकं, काळ्या वर्तुळाच्या आतबाहेर जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. सुभेदारांनी गुण वाचले. सत्त्याऐंशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी माझ्या डोक्यावर सुभेदारांची टोपी ठेवली. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, तेही न लपवता.

सुभेदार मात्र कागदाकडेच बघत उभे होते. मग म्हणाले, "आठ पोरं." मला कळलं नाही. "तीन वर्षांत आठ पोरं घालवली मी. प्रत्येकाला हेच सांगितलं, हात हलतोय तुझा." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी हात वर करून थांबवलं. "पत्ते हायत वहीत," म्हणाले आणि शेडकडे चालू लागले.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी घरच्यांबरोबर पांढऱ्या साडीत विहारात गेले आणि तिथून तशीच खाणीत. पूजा माझी नव्हती, पण आजीशी माझंही नातं होतंच, म्हणून मी बाजूला उभी राहिले. आजीपुढे झेंडू आणि दोन शॉर्ट काडतुसं. तिच्या दस्त्याला सुतळीने एक पुठ्ठा बांधला होता आणि त्यावर सुभेदारांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: पीळ बावीस इंच, फक्त हलकी गोळी. नव्या माणसांना त्या दिवसापासून नवी रायफल मिळू लागली. आणि शेडच्या दाराशी चार अनोळखी तरुण संकोचून उभे होते, हातात एकेक पोस्टकार्ड. आठांपैकी चार. एक तर थेट पेठहून पहाटेच्या एसटीने आला होता. सुभेदारांनी चौघांना आपट्याचं पान दिलं आणि प्रत्येकासमोर हात जोडले. त्यातल्या एकाला काय करावं सुचेना, तो त्यांच्या पायाच पडला.

मला वाटलं गोष्ट इथे संपली. पण दोन दिवसांनी आमच्या घरीही एक पोस्टकार्ड आलं, अण्णांच्या नावाने. अण्णांनी ते चष्मा लावून वाचलं, मग आईला वाचून दाखवलं.

"सादर नमस्कार. आपल्या मुलीचा हात हलतो असे मी वर्षभर सांगत होतो. ते चूक होते. हात हलत नव्हता. मी माप न घेता बोललो, तिने माप घेतले. तिला दर रविवारी पाठवावे, नव्यांना शिकवायला माणूस हवा आहे."

अण्णांनी कार्ड उलटं करून पत्ता पाहिला, पुन्हा सुलटं करून वाचलं. शाळेतल्या मुलाचं बरोबर आलेलं गणित ते असंच दोनदा बघायचे. मग ते त्यांनी हजेरीच्या वहीत घालून ठेवलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, ते मनमाडचे पाहुणे रविवारी येणार आहेत ना? त्यांना कळव, शनिवारी या. रविवारी मुलीला वेळ नसतो म्हणावं."